चेष्टा, हिंदीतली आणि मराठीतली

वन्सं, तुमचं बक्षीस घरी आणलंय. काचेचं आहे, चांगलं जड आहे, आणि कुठे ठेवावं ते मला कळत नाहीये. टीव्हीवर ठेवावं तर टीव्ही आता भिंतीवरचा. फ्रिजवर ठेवावं तर आपला फ्रिज थरथरतो. शेवटी तुमच्या खुर्चीवर ठेवलंय, व्हरांड्यात, खाली तुमची ती निळी उशी देऊन. सकाळचं ऊन त्याच्यातून जातं आणि भिंतीवर रंग पडतात. शेजारच्या शुक्लाभाभी आल्या होत्या. म्हणाल्या, "दीदी की कुर्सी पर क्यों रखा, गिर जाएगा." मी म्हटलं, "पडू दे." मग त्यांना मराठी कळत नाही म्हणून म्हटलं, "गिरेगा तो उठा लूँगी."

तुम्हाला जाऊन एक महिना आणि चार दिवस झाले. इथल्या, उज्जैनच्या मराठी मंडळाचे लोक म्हणाले, काकू, आपल्या अंकासाठी कुमुदताईंवर लिहून द्या; कुठे शिकल्या, कुठल्या देशांत गेल्या, कोणकोण मोठी माणसं भेटली. मी म्हटलं, ते सगळं श्रद्धांजलीच्या पत्रकात आलंय, आणि त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुकाही आल्यात. मी लिहीन तर त्यांच्याशीच बोलत लिहीन. दुसऱ्या कोणाशी बोलायची सवय राहिली नाही आता. तुमचे दादा गेल्यापासून या घरात नऊ वर्षं आपण नणंद-भावजय दोघीच. हल्ली दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची घेते, तीही संध्याकाळपर्यंत उरते. मग दही लावते. खायला कोणी नाही, तरी लावते.

घाटावरची गोष्ट सांगते, तुम्ही असतात तर हसून हसून खोकला आला असता. मिलिंद हैदराबादहून आला होता, आम्ही मायलेक अस्थी घेऊन रामघाटावर गेलो. पंडितजी घाईत, पुढे आणखी तीन घरं बसलेली. मिलिंद चपला ठेवायला गेला तेवढ्यात त्यांनी मलाच विचारलं, "माताजी, नाम बोलिए, नाम." आणि माझ्या तोंडून काय निघालं? "वन्सं." ते म्हणाले, "वंश बाद में, पहले नाम." मी पुन्हा तेच. "अरे माताजी, वंश नहीं, नाम!" पंचावन्न वर्षं तुम्हाला वन्सं म्हटलं, तुमचं नाव माझ्या जिभेला माहीतच नव्हतं. तुम्ही कितीदा म्हणालात, "वहिनी, तू दोन वर्षांनी मोठी आहेस माझ्याहून, नुसतं कुमुद म्हण." मी म्हणायची, नणंदेला नावानं हाक मारली तर सासूबाई वरून खाली येतील. शेवटी शिप्रेच्या पायरीवर उभी राहून मी पहिल्यांदा "कुमुद" म्हटलं, तेही त्या घाईतल्या पंडितजींना.

आता बातमीकडे येते. पहिल्या परिच्छेदात बातमी आली पाहिजे, हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि हा चौथा चाललाय. बातमी अशी आहे की मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले, ते चाळीस वर्षं झाकून ठेवलं, आणि सांगायच्या आत तुम्ही गेलात.

तुम्ही तेव्हा दिल्लीत भाड्याच्या खोलीत राहत होतात आणि इथल्या एका लहानशा हिंदी दैनिकाला आठवड्यातून एकदा परदेशी घडामोडींवर मजकूर द्यायचात. दैनिक म्हणजे चार पानं, त्यातलं एक मंडीच्या भावांचं. त्यांच्या छापखान्यातला फोन सदा खराब. आपल्याकडे दादांच्या बँकेमुळे फोन होता. म्हणून ठरलं की तुम्ही दिल्लीच्या बूथवरून आपल्या घरी फोन करायचा, तुम्ही सांगाल ते मी लिहून घ्यायचं, आणि सकाळी फ्रीगंजात छापखान्यात नेऊन द्यायचं. दादा म्हणाले होते, "हिला? हिला धोब्याची यादी लिहिता येत नाही धड." तुम्ही म्हणालात, "दादा, तुझं अक्षर बघ आधी."

मी सातवीपर्यंत शिकलेली, खानदेशातून लग्न होऊन आलेली. हिंदी माझी भाजीवाल्यांपुरती. तुम्ही सावकाश सांगायचात, अल्पविराम, अवतरण चिन्ह, सगळं तोंडानं. सुरुवातीला मी वाक्य संपलं की आपलं मराठीसारखं टिंब द्यायची. छापखान्यातले चौरसियाजी एक दिवस म्हणाले, "भाभीजी, हर लाइन के पीछे ये बिंदी काहे लगा देती हो? सुहागन है क्या ख़बर? खड़ी पाई लगाओ, खड़ी पाई." हिंदीत वाक्याच्या शेवटी उभी रेघ देतात, ती खडी पाई. मी तुम्हाला सांगितलं, तेव्हापासून तुम्ही फोनवर प्रत्येक वाक्यामागे म्हणायला लागलात, "खडी पाई, वहिनी." कधीकधी माझ्या स्वप्नातसुद्धा माणसं बोलणं संपवून खडी पाई म्हणायची.

मी काय काय विचारायची तुम्हाला! "कूटनीती म्हणजे काय हो वन्सं, दाण्याच्या कुटाची का?" तुम्ही न हसता म्हणालात, "तीच. सगळं बारीक करायचं आणि कोणाच्या दाताखाली काही येऊ द्यायचं नाही." आणि ती 'खुलकर बातचीत'! दोन देशांचे मंत्री भेटले आणि कागदावर आलं की खुलकर बातचीत हुई, तर समजायचं कडाक्याचं भांडण झालं. आपल्या घरात तो शब्द किती चालला. सासूबाईंशी माझं वाजलं की तुम्हाला फोनवर मी सांगायची, "आज स्वयंपाकघरात खुलकर बातचीत झाली," आणि तुम्ही विचारायचात, "संयुक्त वक्तव्य निघालं का?" मी म्हणायची, "निघालं. उद्यापासून आमटीत गूळ कमी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमचा छोटा फोन यायचा. एवढंच विचारायला. "दिलंस ना, वहिनी?" "दिलं." की झालं.

मग तो आठवडा आला. शेजारच्या एका देशाचे मंत्री दिल्लीला आले होते. सरहद्दीवरच्या दोन्हीकडच्या गावांनी मिळून बाजार भरवावा, असा करार व्हायचा होता. पत्रकारांनी त्याबद्दल विचारलं तर मंत्री हसले, म्हणाले, भाजी आणायला आता पासपोर्ट लागणार का. म्हणजे थट्टेवारी नेलं. तुम्ही बूथवर, मागे रांग, कोणीतरी दार वाजवत होतं ते मलाही ऐकू येत होतं. सगळं हिंदीत सांगितलंत आणि शेवटच्या वाक्याला घाईत मराठीत घसरलात. "शेवटचं तू हिंदीत करून घे, मंत्र्यांनी कराराची चेष्टा केली, खडी पाई, ठेवते."

मी करून घेतलं. "मंत्रीजी ने समझौते की चेष्टा की।" शब्दाला शब्द. करार म्हणजे समझौता हे मला येत होतं, त्याचा अभिमानही वाटला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला कोण सांगणार? आपल्याकडे कोणाची चेष्टा केली म्हणजे टिंगल केली. इथे बाजारात सगळे कोशिश म्हणतात. चेष्टा हा शब्द हिंदीत फक्त छापलेल्या कागदावर राहतो, आणि त्या मोहल्ल्यात माझं जाणं-येणं नव्हतं.

नेऊन दिल्याच्या दुसऱ्या सकाळी छापून आलं, तेही ठळक मथळ्यात, की मंत्र्यांनी समझोत्याची चेष्टा केली. म्हणजे उज्जैनच्या वाचकांनी वाचलं की मंत्री करारासाठी धडपडतायत. बाकीच्या सगळ्या पेपरांत उलटं.

तुम्हाला पेपर टपालानं मिळायचा, चार दिवसांनी. फोन आला.

"वहिनी, मी काय सांगितलं होतं?"

"चेष्टा."

"आणि तू काय लिहिलंस?"

"चेष्टाच."

मग तुम्ही हसायला लागलात, इतक्या हसलात की बूथवाल्यानं काहीतरी विचारलं आणि तुम्ही त्याला म्हणालात, "कुछ नहीं भैया, घर की बात है." मग मला अर्थ सांगितलात. तुम्ही लगेच म्हणालात, "अगं, वाक्य मी मराठीत सांगितलं, चूक माझी. पण छापलं गेलंय ते खोटं आहे. भूल-सुधार द्यावा लागेल. घे लिहून." चूक झाली की पेपर ती चौकटीत कबूल करतो, तो भूल-सुधार. तीन ओळी सांगितल्यात. त्यात माझं नाव नव्हतं, 'संवाददाता की भूल', म्हणजे वार्ताहराची चूक, असं होतं. मी लिहून घेतलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "खडी पाई."

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी छापखान्यात गेले. पिशवीत कोथिंबीर आणि कागद. संपादकजी दारातच उभे होते, ते पांढऱ्या मिशांचे, तुम्हाला बिटिया म्हणायचे, तुमचा पहिला लेख त्यांनीच छापलेला. म्हणाले, "आइए भाभीजी, आप ही की बात हो रही थी. चौरसिया कहता है आपकी लिखावट में एक काट-छाँट नहीं होती. हमारे यहाँ प्रूफ़ पढ़ने वाला कोई नहीं. दोपहर में दो घंटे आ जाया करेंगी?"

वन्सं, मला तोवर कोणी कशालाही बोलावलं नव्हतं. हळदी-कुंकवाशिवाय. प्रूफ वाचायचं म्हणजे दुसऱ्यांच्या चुका मी काढायच्या, सातवी पास बाईनं! आणि त्याच घटकेला माझ्या हातात कागद, ज्यात लिहिलेलं की बाईंना चेष्टेचा अर्थ ठाऊक नाही. तुम्ही नाव घातलं नव्हतंत, पण कोणाला कळलं नसतं? लिहून आणणारी मीच. मी कोथिंबीर वर केली आणि कागद खाली ढकलला. म्हटलं, "आऊँगी."

संध्याकाळी तुमचा फोन. "दिलंस ना, वहिनी?"

"दिलं."

वाटलं, उद्या देईन. उद्याचा परवा झाला. कागद शिलाई मशीनच्या खणात गेला, बॉबिनच्या डबीखाली. आणि महिना व्हायच्या आत तो करार खरंच झाला! त्याच मंत्र्यांनी सही केली. थट्टा करत होते ते वरवर, आतून बोलणी चालूच होती म्हणे. संपादकजींनी पहिल्या पानावर चौकट टाकली, की सगळे हसत होते तेव्हा फक्त आमच्या प्रतिनिधीला वास लागला होता. भोपाळपर्यंत नाव झालं. दिल्लीच्या मोठ्या पेपरनं तुम्हाला बोलावून घेतलं.

आणि तुम्ही खूश नव्हतात. तुम्हाला वाटलं, संपादकजींनी श्रेय मिळवायला भूल-सुधार दाबला. मला विचारलंत, "नक्की त्यांच्या हातात दिलं होतंस?" तेव्हा तरी बोलायचं की नाही मी? म्हटलं, "हो, हातातच." तुम्ही भांडणाऱ्यातल्या नव्हेत, बंद होणाऱ्यातल्या. त्यांना एक पत्र नाही, फोन नाही. त्यांच्याशी बोलणंच टाकलंत. आणि मी रोज दुपारी त्यांच्यासमोर बसून प्रूफं वाचत होते. तिथेच मी काय शिकायचं ते शिकले, तिथल्याच कोशात एकदा हळूच 'चेष्टा' काढून पाहिला. संपादकजी दर दिवाळीला विचारायचे, "कुमुद बिटिया नाराज़ है क्या हमसे?" मी म्हणायची, "नहीं जी, काम बहुत है उन्हें." ते गेले तेव्हा तुम्ही इंदुरात होतात, तासाभराच्या वाटेवर. आला नाहीत. त्यांच्या मुलीनं, विनीतानं, मला विचारलं, "बुआ नहीं आईं?" मी म्हटलं, "तबीयत ठीक नहीं उनकी." त्या एका खोट्याला पुढे किती पिल्लं झाली ते बघा.

तुम्हाला सांगायचा धीर मला कधी झाला नाही असं नाही. तुम्ही नोकरी संपवून इथे नानाखेड्याच्या घरी राहायला आलात, दादा गेले, आपण सकाळी तीन-तीन पेपर वाटून घेऊन बसायला लागलो, तेव्हा किती वेळा जिभेवर आलं. पण तुम्ही कढी इतकी आवडीनं खात असायचात, किंवा टीव्हीवरच्या कोणा तज्ज्ञाला शिव्या देत असायचात. म्हटलं, कशाला आता. इतकी चांगली चाललीय दोघींची.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. परराष्ट्र व्यवहारांवर लिहिणाऱ्या पत्रकारांना ते लोक दर वर्षी सन्मान देतात, आजवर इंग्रजीवाल्यांनाच दिला, यंदा पहिल्यांदा हिंदीतल्या एकाला द्यायचं ठरलं आणि तुमचं नाव निघालं. मी पेढे आणायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, "थांब, पुढे वाच." पुढे लिहिलं होतं की सगळे हसत असताना कराराची चाहूल ज्यांना लागली, त्या दूरदृष्टीचा हा गौरव.

तुम्ही पत्र घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलंत. म्हणालात, "चाळीस वर्षं मी बरोबर लिहिलं, वहिनी. त्यातलं एक अक्षर कोणाला आठवलं नाही. आठवली ती चूक."

पेढ्यांसाठी काढलेले पैसे मी परत डब्यात ठेवले. तुम्हीच पुढे म्हणालात, "मी जाणार. आणि स्टेजवर सांगणार सगळं. ही चूक होती, मी भूल-सुधार पाठवला होता, संपादकांनी तो दाबला."

"गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं?"

"जिवंत होते तेव्हा छापायचं होतं."

"त्यांची मुलगी आहे अजून, सेठीनगरात. तिला काय वाटेल?"

"मला काय वाटलं ते कोणी विचारलं? तुला एवढं का लागतंय? तू तर दिलं होतंस ना?"

इथे मी "नाही" म्हणायचं होतं, वन्सं. दोन अक्षरं. मी म्हटलं, "सत्तरी उलटली तरी तुमचा हट्ट जात नाही." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि बंद झालात.

तीन दिवस अबोला. म्हाताऱ्या दोघींचा अबोला म्हणजे गंमतच. मी भिंतीला सांगायची, "कोणाला चहा हवा असेल तर ठेवलाय." तुम्ही खिडकीला सांगायचात, "कोणाची गोळी राहिलीय सकाळची." शुक्लाभाभी मधे येऊन गेल्या, त्यांना काही कळलं नाही, दोघींशी छान बोलून गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही व्हरांड्यात पेपर उघडून बसला होतात. मी टॉवेल घेऊन निघाले तर तुम्ही कुंडीतल्या तुळशीला म्हणालात, "एक पक्ष वार्ता पुन्हा सुरू करायला तयार आहे." हिंदीतली वार्ता, म्हणजे बोलणी. मला हसू आलं होतं, खरंच. पण मी आपलं तोंड वाकडं ठेवून तुळशीलाच म्हटलं, "दुसरा पक्ष आंघोळीला चाललाय."

बाहेर आले तेव्हा तुमचा चष्मा नाकावर होता आणि पेपर पायांवर. मी आधी पेपर उचलला. घडी घातली. मग तुम्हाला हलवलं.

लोकांना मी सांगते की त्या दिवशी आंघोळ करताना मी ठरवलं होतं, बाहेर जायचं आणि सगळं कबूल करायचं. मिलिंदलाही तसंच सांगितलं. तुम्हाला सांगते, तसं काही ठरलं नव्हतं. मी पाणी कोमट कसं आलं याचाच विचार करत होते. ठरवलं होतं असं नंतर वाटायला लागलं. घरात दुसरं कोणी नसलं की आपलीच आठवण आपल्याला फसवायला लागते, आणि टोकायला कोणी नसतं.

तेरावं झालं, मिलिंद गेला. विद्यापीठातून एका मॅडमचा फोन आला, "आंटीजी, सम्मान लेने आप आ जाइए. दो शब्द भी बोल दीजिएगा." मी मशीनचा खण उघडला. कागद होता. कडा पिवळ्या, पण माझं अक्षर तसंच, एक काटछाट नाही. मग विनीताला फोन केला आणि म्हटलं, बेटी, तू पण ये, तुझ्या बाबूजींचा विषय आहे.

नानाखेड्याच्या स्टँडवरून बस धरली. खिडकीशी बसले. शेजारची जागा रिकामी होती, एक बाई म्हणाली, "कोई है यहाँ?" मी पर्स त्या जागेवर ठेवली आणि ती पुढे निघून गेली.

हॉल मोठा. एक जण युद्ध चाललेल्या देशात राहून आलेला पत्रकार, एक दिल्लीची मुलगी, आणि त्यांच्यामध्ये मी, पर्स मांडीवर घेऊन. तुमचं मानपत्र वाचलं गेलं. माझ्या हातात प्रत होती, त्यात 'दूरदृष्टि'चा दू ऱ्हस्व पडलेला. मी पेन काढून दुरुस्त केला. सवय. युद्धवाला माणूस बघून हसला.

माझी पाळी आली तेव्हा मी तो कागद काढून वाचला. म्हटलं, ये कुमुदजी का आख़िरी मैटर है, जो छपा नहीं.

"भूल-सुधार। हमारे एक पिछले अंक में प्रकाशित हुआ कि मंत्रीजी ने समझौते की चेष्टा की। वास्तव में उन्होंने समझौते की हँसी उड़ाई थी। यह संवाददाता की भूल है, जिसका हमें खेद है।"

मी घाबरून दरवेळी खडी पाईसुद्धा तोंडानं वाचली, मागची पोरं हसली. मग मी त्यांना आपल्या दोन चेष्टा समजावून सांगितल्या, तेव्हा सगळा हॉल हसला. आणि मग सांगितलं की हा कागद संपादकजींनी दाबला नाही, त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. मी दिला नाही. मला प्रूफरीडर व्हायचं होतं. तेव्हा कोणी हसलं नाही. मॅडम उठून जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "आंटीजी, फिर ये सम्मान..." मी म्हटलं, "वो आप सोचिए. मैं तो मैटर देने आई थी." त्यांनी क्षणभर विचार केला आणि ते काचेचं माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, जिसने भूल-सुधार लिखवाया, उसी को दे रहे हैं.

विनीता तिसऱ्या रांगेत होती. संपल्यावर आली. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा गळ्यात पडेल. तिनं कागद हातात घेतला, वाचला, मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. मग म्हणाली, "आंटी, आप दे देतीं तो बाबूजी छाप देते." कागद मला परत देत म्हणाली, "और प्रूफ़ भी आप ही से पढ़वाते."

बसमध्ये सगळा रस्ता मी एवढंच ऐकत आले.

आता घरी आहे. संध्याकाळ झालीय, व्हरांड्यात तुमच्या खुर्चीवर ती काच, तिच्यात आता ऊन नाही. समोरच्या घरात कोणी कोणाला जेवायला हाक मारतंय. तुमचं मी खूप घेतलं, वन्सं. तुम्ही फोनवरून एकेक शब्द देऊन मला लिहितं केलंत, आणि त्या बदल्यात मी तुमचा एक माणूस तुमच्यापासून तोडला. तुमचा राग होईल तो होऊ दे. पण हे लिहून झालं की उद्या सकाळी मंडळाच्या कचेरीत स्वतः नेऊन देणार आहे, पिशवीत कोथिंबीर न घेता. त्यांना सांगितलंय, भूल-सुधार चौकटीत छापा, अक्षर बदलू नका, प्रूफ मी वाचीन.

दादांच्या वेळचा तो काळा फोन अजून कोपऱ्यात आहे, वायर कापलेला. तुम्हीच टाकू दिला नाहीत. उद्या संध्याकाळी मी त्याच्याशेजारी बसेन. वाजणार नाही, हे मला कळतं. पण तुम्ही काय विचारणार ते माहीत आहे, आणि यावेळी उत्तर तुमच्या हिंदीच्या रीतीनं देणार आहे, मराठी टिंब न देता.

"दिलंस ना, वहिनी?"

दिलं।